ओळ निवडली एक, नोंद पडली दुसऱ्याच खात्यावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पतसंस्थेत एका सभासदाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर नावे पडली, की खुलासा मागितला जातो तो खिडकीवरच्या क्लार्ककडून. ‘घाईत भलत्या ओळीवर क्लिक झाले असणार’ असे धरून चालतात आणि त्याच्याकडून माफीपत्र लिहून घेतात. काही वेळा चूक खरोखर त्याची असते. पण कित्येकदा त्याने ओळ बरोबर निवडलेली असते, पडद्यावर निळा पट्टाही बरोबर नावावर आलेला असतो, आणि तरी सॉफ्टवेअर नोंद दुसरीकडेच टाकते. हे कसे घडते, प्रोग्रॅममध्ये ते कुठे दुरुस्त करायचे आणि संस्थेला ते स्वतः कसे तपासता येते, हे सांगण्यासाठी हे पत्र. औषधांची दुकाने, बाजार समितीतल्या अडती, शाळांची कार्यालये, गृहनिर्माण संस्था यांची डेस्कटॉप सॉफ्टवेअरही याच घडणीची असतात: वर शोधायची चौकट, मध्ये नावांचे टेबल, खाली फॉर्म. त्यामुळे हे सर्वांनाच लागू आहे.

उदाहरणासाठी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या स्विंगचे, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या-बटणे बनवण्याच्या संचाचे, ‘जेटेबल’ हे टेबल घेऊ. स्विंग १९९८च्या डिसेंबरात जावा १.२ बरोबर आले आणि त्यात लिहिलेले हिशेबाचे प्रोग्रॅम आजही रोज चालतात. जेटेबलमध्ये माहिती एकीकडे असते आणि ती दाखवणे दुसरीकडे. माहिती ठेवणाऱ्या भागाला मॉडेल म्हणतात, डोळ्यांना दिसतो तो व्ह्यू. ओळींचे क्रमांक दोन्हीकडे शून्यापासून सुरू होतात. यादी जशी भरली तशीच दाखवली, तर दोन्ही क्रमांक सारखेच असतात आणि काही बिघडत नाही. गडबड सुरू होते ती कोणी मथळ्यावर क्लिक करून आडनावांप्रमाणे यादी लावली की.

समजा, खाते उघडल्याच्या क्रमाने मॉडेलमध्ये चार नावे आहेत: शून्यावर शिंदे, एकवर आपटे, दोनवर माने, तीनवर बागवान. आडनावाने लावल्यावर पडद्यावर क्रम होतो आपटे, बागवान, माने, शिंदे. क्लार्कने बागवानांवर क्लिक केले. कोणती ओळ निवडली आहे हे टेबलाच्या ‘गेट सिलेक्टेड रो’ या आज्ञेला विचारले तर उत्तर येते १, आणि ते बरोबरच आहे, कारण पडद्यावर बागवान १ क्रमांकावर आहेत. पण प्रोग्रॅमरने तोच १ घेऊन मॉडेलला विचारले, तर मॉडेल आपट्यांचे खाते काढून देते. पैसे काढले बागवानांनी, नावे पडले आपट्यांच्या. आता मान्यांकडे पाहा. ते दोन्हीकडे २ क्रमांकावर आहेत. सॉफ्टवेअर ताब्यात घेताना कोणी नेमके मान्यांवर क्लिक करून पाहिले, तर सगळे ठीक दिसते आणि तपासणी पार पडते. ही चूक वर्षानुवर्षे लपून राहते ती यामुळेच.

दुरुस्ती एका ओळीची आहे. पडद्यावरचा क्रमांक मॉडेलला देण्याआधी ‘कन्व्हर्ट रो इंडेक्स टू मॉडेल’मधून काढून घ्यायचा. उलट दिशेला जायचे तर ‘कन्व्हर्ट रो इंडेक्स टू व्ह्यू’. या सोयी २००६च्या डिसेंबरात आलेल्या जावा ६ पासून आहेत, आणि टेबलाला ओळींचा क्रम लावणारा आयता सॉर्टरही त्याच आवृत्तीत मिळाला. चुकीची मुळे इथेच आहेत. त्याआधी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये पडद्यावरचा क्रमांक थेट मॉडेलला देणे चालून जात होते, कारण क्रम बदलतच नव्हता. पुढे कोणा ग्राहकाने ‘नावाप्रमाणे यादी लावता आली पाहिजे’ म्हटले, प्रोग्रॅमरने ‘सेट ऑटो क्रिएट रो सॉर्टर’ला ‘ट्रू’ दिले, सोय लगेच झाली, ग्राहक खूश झाला. त्याच क्षणी जुन्या प्रोग्रॅममधली ‘गेट सिलेक्टेड रो’ वापरणारी प्रत्येक जागा संशयास्पद झाली, आणि ती एकेक करून तपासायला कोणी बसले नाही. ज्यांच्याकडे असा जुना प्रोग्रॅम आहे त्यांनी आज पूर्ण कोडमध्ये हा शब्द शोधावा आणि सापडेल त्या प्रत्येक जागी पुढच्या दोन-तीन ओळी वाचाव्यात.

क्रमांक बदलून घेताना आणखी एक अट पाळावी लागते. काहीच निवडलेले नसेल तर ‘गेट सिलेक्टेड रो’ उणे एक देते. सॉर्टर नसताना हा उणे एक रूपांतरातून तसाच परत येतो, सॉर्टर जोडला की मात्र त्याच ठिकाणी एक्सेप्शन येते, म्हणजे प्रोग्रॅम चूक दाखवून ते काम अर्ध्यात सोडतो. म्हणून आधी उणे एकची तपासणी, मग रूपांतर. उणे एक आला तर नुसते परत फिरणेही पुरेसे नाही. खालचा फॉर्म रिकामा केला पाहिजे आणि ‘जतन’, ‘रद्द’, ‘नावे टाका’ ही बटणे बंद केली पाहिजेत. तसे केले नाही तर निळा पट्टा कुठेच नाही, फॉर्ममध्ये मात्र आधीच्या माणसाचे नाव आहे आणि बटण चालू आहे, अशी स्थिती राहते.

क्रमवारीपेक्षा शोधण्याची चौकट जास्त घातक. आठशे खात्यांच्या यादीत क्लार्कने ‘बा’ टाइप केले आणि तीनच ओळी उरल्या, तर पडद्यावर त्यांचे क्रमांक शून्य, एक आणि दोन. रूपांतर न करणारा प्रोग्रॅम हे क्रमांक मॉडेलला देतो आणि मॉडेलमधली पहिली तीन खाती उचलतो. म्हणजे कोणालाही शोधले तरी नोंद पडते ती संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या सभासदांवर. हिशेब तपासनिसांनी ही खूण लक्षात ठेवावी. चुकीच्या नोंदी जर पुन्हा पुन्हा यादीतल्या पहिल्या काही खात्यांवरच सापडत असतील, तर क्लार्कला नोटीस देण्याआधी सॉफ्टवेअर तपासावे. घाईत झालेले माणसाचे क्लिक सहसा शेजारच्या ओळीवर पडते, ते दर वेळी पहिल्या तीन खात्यांवर जाऊन पडत नाही.

ओळींसारखेच रकान्यांचेही आहे. जेटेबलमध्ये मथळा माउसने ओढून रकाना इकडचा तिकडे नेता येतो. टेबलाला स्वतःला किंमत विचारली तर ते दोन्ही क्रमांक पडद्यावरचे धरते, मॉडेलला विचारली तर दोन्ही मॉडेलचे. ‘खाते क्रमांक नेहमी शून्याव्या रकान्यात’ असे गृहीत धरून टेबलाला विचारणाऱ्या प्रोग्रॅमला, कोणी नावाचा रकाना पुढे ओढला की, खाते क्रमांकाच्या जागी आडनाव मिळते. मथळे ओढणे बंद करून टाकणे हा तात्पुरता इलाज झाला. ओळ मॉडेलच्या क्रमांकात आणून रकानाही मॉडेलकडेच विचारणे हा खरा. आणि मॉडेलकडून एकदा खाते क्रमांक हातात आला की पुढच्या सगळ्या प्रवासात तोच न्यावा. फॉर्म, व्हाउचर, डेटाबेसमधला बदल, यांपैकी कशालाच ओळीचा क्रमांक कळता कामा नये. छापलेल्या व्हाउचरवरचे नावही पडद्यावरून उचलू नये, त्या खाते क्रमांकावरून डेटाबेसमधून पुन्हा काढावे, म्हणजे सही करणाऱ्याला फरक दिसेल.

जाता जाता रकमेबद्दल. मॉडेलने ‘गेट कॉलम क्लास’मध्ये रकान्याचा प्रकार सांगितला नाही, तर सॉर्टर आकड्यांनाही अक्षरे समजून लावतो आणि १०००, २५०, ९० हा क्रम चढता म्हणून दाखवतो. शेवटच्या ओळीवर मोठी थकबाकी असेल या भरवशावर काम करणारा माणूस त्यात फसतो. मराठी नावांच्या शोधातही असाच खड्डा आहे. ‘ऱ’ हे अक्षर एका संकेतांकाने लिहिता येते आणि ‘र’ला नुक्ता, म्हणजे खालचा टिंब, जोडूनही. दोन्ही दिसतात सारखीच, पण यादी गाळणाऱ्या फिल्टरला ती वेगळी वाटतात आणि ‘कऱ्हाडकर’ सापडत नाहीत. साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा मजकूर जावाच्या नॉर्मलायझरमधून एकाच रूपात आणावा.

आता इव्हेंटकडे, म्हणजे काही घडल्याचा जो निरोप प्रोग्रॅमला मिळतो त्याकडे, वळतो, कारण नव्या प्रोग्रॅमरची सर्वांत जास्त दमछाक इथे होते. ओळीची निवड बदलली की टेबलाचे सिलेक्शन मॉडेल, म्हणजे निवड सांभाळणारा भाग, आपल्या लिसनरला, म्हणजे निरोप ऐकणाऱ्या कोडला, कळवते. एका क्लिकला हा निरोप बहुधा दोनदा येतो: माउसचे बटण दाबताना एकदा, सोडताना एकदा. बटण दाबून धरून पाचव्या ओळीपासून नवव्यापर्यंत ओढत नेले, तर मधल्या प्रत्येक ओळीला येतो. हालचाल अजून चालू आहे की संपली, हे ‘गेट व्हॅल्यू इज अ‍ॅडजस्टिंग’ सांगते. ती ‘ट्रू’ असेपर्यंत काही करू नये, ‘फॉल्स’ आली की काम करावे. ही एक अट विसरल्याने एकेका क्लिकला डेटाबेसकडे दोन-दोन फेऱ्या होतात. त्याहून वाईट, इव्हेंटमध्ये ‘पाहिल्याची नोंद’ ठेवणारा कोड असेल तर ती नोंदही दुहेरी होते.

त्याच इव्हेंटमध्ये ‘गेट फर्स्ट इंडेक्स’ आणि ‘गेट लास्ट इंडेक्स’ असे दोन क्रमांक मिळतात आणि नावावरून वाटते की ही निवडलेली पहिली आणि शेवटची ओळ असावी. तसे नाही. ज्या पट्ट्यात निवड बदललेली असू शकते त्याची ती दोन टोके आहेत. दुसऱ्या ओळीवरून सातव्या ओळीवर गेले तर पहिले टोक २ आणि शेवटचे ७. सातवरून दोनवर आले तरी पुन्हा २ आणि ७. पहिल्या टोकालाच निवड मानणारा प्रोग्रॅम वर जाताना बरोबर चालतो आणि खाली येताना आधीचे खाते दाखवतो. ‘कधी कधी एक खाते मागे राहते’ अशी तक्रार आली तर आधी हे तपासावे. कोणती ओळ निवडली आहे हे नेहमी टेबलालाच विचारावे, इव्हेंटकडून फक्त ‘काहीतरी बदलले’ एवढाच अर्थ घ्यावा.

काही जण निवडीच्या लिसनरऐवजी माउसचा लिसनर लावतात. क्लिक झाले की फॉर्म भरायचा, सोपे वाटते. पण खिडकीवरचा अनुभवी माणूस माउसला हात फारसा लावत नाही. बाणाच्या कळांनी खाली-वर सरकणे त्याला जलद जाते. अशा प्रोग्रॅममध्ये बाण दाबला की निळा पट्टा पुढच्या नावावर जातो आणि फॉर्म आधीच्याच नावावर राहतो. मग रद्द करण्याचे बटण दाबले की पट्टा ज्याच्यावर आहे त्याची नोंद शाबूत राहते आणि फॉर्ममध्ये अडकलेल्या माणसाची जाते. दृष्टिहीन कर्मचारी तर पूर्णपणे कळफलकावर अवलंबून असतात. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर (पडदा वाचणारे सॉफ्टवेअर) जावा अ‍ॅक्सेस ब्रिजमार्फत निवडलेली ओळ वाचून दाखवतो, पण फॉर्म मागे राहिला आहे हे तो कसे सांगणार? त्या माणसाने ऐकले एक नाव आणि बटण दाबले दुसऱ्यासाठी. हा दोष असलेले सॉफ्टवेअर कोणत्याही कार्यालयाने स्वीकारू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

निवडीचा लिसनर लावला तरी कळफलकाची एक बाजू उरते. बाणाची प्रत्येक दाब ही पूर्ण झालेली निवड असते, तिथे अ‍ॅडजस्टिंगची अट काही अडवत नाही. कळ दाबून धरली तर सेकंदाला तीसपर्यंत इव्हेंट येऊ शकतात. प्रत्येकाला डेटाबेसकडून तपशील आणायला दहावा हिस्सा सेकंद जरी लागला, तरी एक सेकंद कळ दाबली की तीन सेकंदांचे काम साचते. पडदा थिजतो, माणूस वैतागून आणखी कळा दाबतो, त्याही रांगेत जाऊन बसतात. यावर स्विंगचाच टायमर पाव सेकंदाचा लावावा, तो एकदाच वाजेल असा ठेवावा आणि प्रत्येक निवडीला ‘रीस्टार्ट’ करावा. माणूस थांबला की पाव सेकंदाने एकच फेरी होते.

ती फेरीसुद्धा पडदा रंगवणाऱ्या थ्रेडवर (कामाच्या धाग्यावर) नको, मागे वेगळ्या थ्रेडवर काम करणाऱ्या ‘स्विंगवर्कर’मध्ये हवी. मात्र स्विंगवर्कर आणला की नवा धोका सोबत येतो. क्लार्कने आपट्यांवर क्लिक केले, लगेच बागवानांवर केले. आपट्यांचा तपशील यायला उशीर झाला आणि तो बागवानांच्या नंतर पोचला. आता पट्टा बागवानांवर आणि फॉर्म आपट्यांचा. उत्तर आल्यावर, फॉर्म भरण्याआधी, ‘ज्या खात्यासाठी विचारले होते तेच आत्ता निवडलेले आहे का’ हे पाहावे आणि नसेल तर ते उत्तर टाकून द्यावे. तपासणीच्या वेगवान संगणकावर ही चूक सहसा दिसत नाही, शाखेतल्या रेंगाळणाऱ्या नेटवर्कवर दिसते. मुद्दाम दोन सेकंदांचा विलंब घालून पाहिल्याशिवाय ती सापडणार नाही. टेबलाच्या मॉडेलमध्ये मागच्या थ्रेडवरून थेट ओळी घालू नयेत हे वेगळे सांगायला नको. तसे केलेले प्रोग्रॅम अधूनमधून, कारण न समजता, कोसळतात.

दोन-तीन खिडक्या असलेल्या संस्थेत यादी दर मिनिटाला सर्व्हरवरून ताजी करतात. ताजी करताना ‘फायर टेबल डेटा चेंज्ड’ म्हटले की निवड पुसली जाते. क्लार्क रक्कम लिहीत असताना पट्टा गायब होतो. म्हणून प्रोग्रॅमर ओळीचा क्रमांक लक्षात ठेवतो आणि नंतर तीच ओळ पुन्हा निवडतो. दरम्यान शेजारच्या खिडकीवरून एक नवे खाते यादीत वर आले असेल तर त्याच क्रमांकावर आता वेगळाच माणूस बसलेला असतो. इथेही क्रमांक नको, खाते क्रमांक लक्षात ठेवावा, यादी आल्यावर तो मॉडेलमध्ये शोधावा, व्ह्यूच्या क्रमांकात बदलून घ्यावा आणि फिल्टरमुळे तो उणे एक आला तर काहीच निवडू नये. हे चालू असताना आपल्याच लिसनरने फॉर्म पुन्हा भरून अर्धवट लिहिलेली रक्कम पुसू नये, यासाठी एक खुणेचा ध्वज उभा करावा. त्याहून सोपे म्हणजे, नवा खाते क्रमांक आधीच्याच बरोबरीचा असेल तर फॉर्मला हातच लावू नये. क्रमवारी बदलल्यावरही निवडीचा इव्हेंट येतो, तिथेही हीच अट कामी येते. एखाद-दुसऱ्या खात्याचाच बदल असेल तर ‘फायर टेबल रोज अपडेटेड’ पुरते, त्याने निवड जात नाही. अख्खे मॉडेलच नवे लावणार असाल तर हाताने बनवलेला सॉर्टर जुन्या मॉडेलला चिकटून राहतो, तो नव्याने बनवून लावावा लागतो.

जतन न केलेला फॉर्म उघडा असताना कोणी दुसऱ्या ओळीवर क्लिक केले तर? निवडीच्या इव्हेंटला नकार देता येत नाही. निरोप येतो तेव्हा निवड बदललेली असते. ‘जतन करायचे का?’ ही चौकट अ‍ॅडजस्टिंग चालू असताना दाखवली तर माउसचे बटण सोडल्याचे टेबलाला कळत नाही आणि ते ओढणे चालूच आहे असे समजून बसते. नकार द्यायचाच असेल तर टेबलाची ‘चेंज सिलेक्शन’ ही पद्धत स्वतः लिहावी आणि त्यात जुन्या फॉर्मचा निकाल लागल्यावरच पुढे जाऊ द्यावे. छोट्या कार्यालयांना आम्ही याहून साधा मार्ग सुचवू: दुरुस्ती चालू असेपर्यंत टेबल बंद, ‘जतन’ किंवा ‘सोडा’ दाबल्यावर चालू. थोडे कडक वाटेल, पण गोंधळाला जागा उरत नाही. टेबलातच लिहायची सोय असेल तर टेबलावर ‘टर्मिनेट एडिट ऑन फोकस लॉस्ट’ ही खूण ‘ट्रू’ करून ठेवावी, नाहीतर शेवटच्या चौकटीत टाइप केलेली रक्कम ‘जतन’ दाबूनही जतन होत नाही.

जेटेबलमध्ये मुळात एकाहून अधिक ओळी निवडता येतात. ‘गेट सिलेक्टेड रो’ त्यातली सर्वांत वरची देते. पाच ओळी निळ्या असतात आणि काम एकीवरच होते. एकच निवडायची असेल तर तसा मोड स्पष्ट लावावा. अनेक निवडून काढून टाकायच्या असतील तर प्रत्येक क्रमांक आधी मॉडेलचा करून घ्यावा आणि मोठ्यापासून लहानाकडे काढत यावे. ३, ४, ५ या ओळी लहानापासून काढायला घेतल्या, तर ३ गेल्यावर मागच्या सगळ्या एकेक घर पुढे सरकतात आणि प्रत्यक्षात मूळच्या ३, ५ आणि ७ जातात. चौथी राहते, सातवी बळी पडते.

उजवे क्लिकही दगा देते. जेटेबल उजव्या क्लिकवर ओळ निवडत नाही. मेनू उघडतो या ओळीवर आणि चालतो निळ्या पट्ट्याच्या ओळीवर. क्लिकच्या जागेवरची ओळ ‘रो अ‍ॅट पॉइंट’ने काढावी, ती उणे एक नसेल आणि निवडलेली नसेल तर निवडावी, मग मेनू दाखवावा. मेनूचा इशारा विंडोजवर बटण सोडताना येतो, इतर ठिकाणी दाबताना, म्हणून दोन्हीकडे तपासावा.

जावा सोडून दुसरे काही वापरणाऱ्यांनी निश्चिंत राहू नये. क्यूटी या स्विंगसारख्याच दुसऱ्या संचात ‘सिलेक्शन चेंज्ड’ हा सिग्नल (तिथला इव्हेंट) फक्त नव्याने निवडलेल्या आणि सुटलेल्या ओळी देतो, पूर्ण निवड वेगळी मागावी लागते. मध्ये सॉर्ट-फिल्टरचे प्रॉक्सी मॉडेल, म्हणजे क्रम लावणारे आणि गाळणारे मधले मॉडेल, असेल तर ‘मॅप टू सोर्स’शिवाय खरी ओळ मिळत नाही. शिवाय ‘सेट मॉडेल’ केल्यावर सिलेक्शन मॉडेल नवे येते, म्हणून सिग्नल त्यानंतर जोडावा. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फॉर्म्समधल्या ‘डेटाग्रिडव्ह्यू’ या टेबलात माहिती भरतानाच निवडीचा इव्हेंट येतो आणि पहिली ओळ कोणी न सांगता निवडली जाते. म्हणजे सॉफ्टवेअर उघडल्याबरोबर पहिल्या खात्याचा फॉर्म समोर असतो. तिथे ओळीच्या क्रमांकाऐवजी तिच्या ‘डेटा बाउंड आयटम’कडून नोंद घ्यावी.

संस्थाचालकांना यातले कोड वाचता येणार नाही, पण तपासणी करता येते. अर्धा तास पुरतो. ती चालू हिशेबावर करू नये, पुरवठादाराकडून चाचणीची प्रत मागून घ्यावी. आडनावाच्या मथळ्यावर क्लिक करा आणि किमान दहा वेगवेगळ्या ओळी उघडून प्रत्येकीचा खाते क्रमांक फॉर्ममधल्याशी जुळवा. मथळ्यावर पुन्हा क्लिक करून उलट क्रमाने तेच करा. एक-दोन अक्षरे टाइप करून यादी दोन ओळींवर आणा आणि दोन्ही उघडा. शोधाची चौकट अशी भरा की एकही ओळ उरणार नाही. फॉर्म रिकामा झाला का, बटणे बंद झाली का? माउस बाजूला ठेवून बाणाने वीस ओळी खाली या, नंतर कळ दाबून धरा आणि सोडल्यावर पट्टा व फॉर्म जुळतात का पाहा. रकाने इकडेतिकडे ओढा. निवडलेल्या ओळीपासून दूर उजवे क्लिक करून मेनूतून खाते उघडा. दोन संगणकांवर एकच यादी उघडून एकावर नवे खाते घाला, दुसऱ्यावर निवड कुठे जाते पाहा. यातली एकही पायरी चुकली तर शेवटचा हप्ता रोखून ठेवावा आणि दुरुस्तीनंतर सगळी तपासणी पहिल्यापासून करावी, कारण या चुका एकमेकींत गुंतलेल्या असतात.

अभियांत्रिकी पदविकेच्या विद्यार्थ्यांना अ‍ॅडव्हान्स्ड जावामध्ये स्विंग शिकवतात आणि जेटेबल तयार करण्याचे प्रात्यक्षिकही असते. शिक्षकांना आमची विनंती आहे की त्याच प्रात्यक्षिकात सॉर्टर आणि फिल्टर जोडायला लावावा आणि निवडलेल्या ओळीचा खाते क्रमांक छापायला सांगावा. वर दिलेली चार नावे त्यासाठी पुरेशी आहेत. मुलाने बागवानांवर क्लिक केले आणि पडद्यावर आपटे छापले गेले, की पुढचे समजावणे सोपे जाते. माने मात्र यादीत जरूर ठेवावेत.

आणि ज्या कर्मचाऱ्यांवर अशा नोंदींवरून कारवाई चालू आहे, त्यांच्या चौकशीत त्या दिवशीच्या सगळ्या चुकीच्या नोंदींची यादी सॉफ्टवेअर पुरवठादाराकडून मागवावी. प्रत्येक नोंदीसमोर अभिप्रेत खाते कोणते होते, पडली कोणत्या खात्यावर आणि त्या खात्यांचे यादीतले मूळ क्रमांक काय, हे तीन रकाने असावेत. पुढे सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये (आपोआप ठेवल्या जाणाऱ्या नोंदवहीत) नोंदीच्या वेळी कोणती क्रमवारी लावली होती आणि शोधाच्या चौकटीत काय लिहिले होते, हेही साठवून ठेवायला सांगावे.

आपले नम्र,
पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे दोन प्रोग्रॅमर, सांगली